पहिले पुरवठा, मग मशीन

३ मार्च २०२५, सोमवार

मशीन पाणी घेत नाही. सकाळपासून नुसतं घूं घूं चाललंय आणि आत थेंब नाही. माया म्हणाली, जळलं. माझ्या बायकोच्या लेखी बंद पडलेली प्रत्येक वस्तू जळलेलीच असते — मिक्सर जळतो, पंखा जळतो, एकदा तर भिंतीवरचं घड्याळही जळलं होतं!

बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवलं. पहिल्या तासाला फळ्यावर एकच ओळ लिहायचो. पहिले पुरवठा पाहा, मग मशीन. पोरं हसायची. पण दहातले सात बिघाड तिथेच सुटतात. तर पाहिलं. वीज येते. मागचा नळ — बंद. चांगला आवळून बंद केलेला.

घरात आम्ही दोघंच. मी केला नाही, म्हणजे तिने केला. ती म्हणते, मी काहून करू? आता जिने अकोल्यात अख्खा संसार केला ती बाई जाता-येता नळ आवळणारच. इथे नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, उन्हाळ्यात सहाव्या. उघडा नळ दिसला की इथल्या माणसाला चैन पडत नाही. तिला समजावलं — मशीनचा नळ उघडाच राहू द्यायचा, पुरेसं पाणी झालं की मशीन स्वतः थांबतं. तिने मान हलवली.

बारा वाजेपर्यंत कपडे वाळत घातले. गुडघे दुखतात.

६ मार्च, गुरुवार

ऊन तापायला लागलं. पेपर वाचला, झोपलो, उठलो. रिटायर होऊन चार वर्षं झाली, अजून दुपार कशी काढावी ते जमलेलं नाही.

१० मार्च, सोमवार

पुन्हा पाणी नाही. या वेळी नळ उघडा होता, मी स्वतः पाहिला. मशीनमध्ये करंगळीएवढी धार. म्हणजे पुरवठा आहे, पण कुठेतरी अडलाय. पाइप सोडवला. तो मशीनला लागतो तिथे आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. पकडीने ओढून काढली. पांढरीफटक, चुना लिंपल्यासारखी!

हे बोअरच्या पाण्याचं काम. आमच्या घरी दोन कॉक आहेत. एक नळाच्या गोड पाण्याचा, एक बोअरचा. आमच्याकडे जमिनीतच खार आहे, बोअरच्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही. म्हणून नियम असा, की नळ आला की बोअरचा कॉक बंद करायचा, टाकी गोड पाण्याने भरायची आणि मशीन त्याच पाण्यावर लावायचं. हे काम मायाचं. घर बांधलं तेव्हापासून तिचंच. आज पाहतो तर बोअरचा कॉक उघडा आणि नळाचा बंद. नळ परवाच येऊन गेला! टाकीभर खारं पाणी.

विसरली असेल. मीही गेल्या महिन्यात सिलिंडर लावायचं विसरलो होतो.

जाळी लिंबाच्या रसात बुडवून ठेवली, जुन्या ब्रशने घासली, परत बसवली. धो धो पाणी! माया मागे उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, पाहिलं, जळलं नव्हतं. 

१५ मार्च, शनिवार

आज मशीन चाललं. म्हणजे खरोखरच चालत चालत न्हाणीच्या दारापर्यंत आलं. कपडे पिळायची वेळ आली की धाडधाड नाचतं. वर पाणसळ ठेवून पाहिली तर मागचा डावा पाय अधांतरी. चारही पाय फिरवून सपाट केलं. तरी नाच. मग झाकण उघडलं. आत एकटी सोलापुरी चादर, एका बाजूला गोळा होऊन बसलेली. एकच जड वस्तू टाकली की तोल जातोच. सोबत दोन टॉवेल टाका, परकर टाका, काहीही टाका. मशीन आलं तेव्हा हे मी मायाला शिकवलं होतं. वहीत चित्र काढून!

ती ओली चादर उचलायची ताकद माझ्यात नव्हती. मायाने माणिकबाईला फोन केला.

माणिकबाईने एकोणीस वर्षं आमचे कपडे धुतले. गेल्या ऑगस्टमध्ये वर्षालीने, म्हणजे आमच्या मुलीने, अमरावतीहून हे मशीन पाठवलं. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मी माणिकबाईला फाटकातच सांगितलं, आता मशीन आलं, उद्यापासून नाही आल्या तरी चालेल. सरळ बोललो. तिनेही वाद घातला नाही. आज बोलावल्यावर मात्र आली, पदर खोचला, चादर दगडावर आपटून स्वच्छ करून दिली. मग दोघी तासभर मागच्या अंगणात बसल्या. मायाला हसताना ऐकलं. बऱ्याच दिवसांनी.

१८ मार्च, मंगळवार

एकोणचाळीस डिग्री. मार्चमध्ये! कूलर काढला, गवत बदललं. अंग मोडून आलं.

२२ मार्च, शनिवार

फेस! झाकणातून उसळून न्हाणीभर, तिथून पायरीवर, पायरीवरून अंगणात. मशीन मध्येच थांबून पिक पिक करत उभं. पावडर जास्त झाली, दुसरं काय. माया म्हणते, एकच चमचा टाकली. एका चमच्याने एवढा फेस येत नाही. डबा उघडून पाहिला. परवा मी नवा पुडा ओतला होता, आज अर्ध्यावर आलाय.

चार वेळा नुसतं पाणी फिरवलं तेव्हा कुठे फेस सरला. टाकीचं गोड पाणी तळाला गेलं, आता नळ येईपर्यंत बोंब. मी बोललो तिला. जरा जास्तच बोललो. ती म्हणाली, "एकदाच टाकली म्हनलं ना." आणि मग हळूच, "नाई तं मशीननंच जास्त घेतली असन."

मशीन आपल्या मनाने पावडर घेत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. दमलो होतो.

२३ मार्च, रविवार

वर्षालीचा फोन. आई कशी आहे? बरी आहे म्हटलं.

२९ मार्च, शनिवार

आज नवीनच. मशीन पाणी भरतं, भरतं, भरतच राहतं. तास झाला तरी धुवायला सुरुवातच करेना. पुरवठा चांगला, धार चांगली. मग पाणी जातं कुठे? मागे वाकून पाहिलं — कमरेत कळ आली — तर सांडपाण्याची नळी जमिनीवर पडलेली. ती भिंतीवरच्या हुकात, उंच अडकवलेली असते. खाली पडली की जेवढं पाणी आत येतं तेवढं गुमान वाहून जातं. फरशी पुसताना तिने काढली असणार आणि तशीच राहिली.

विचारलं तर म्हणाली, मी आज फरशी पुसलीच नाही. फरशी ओली होती.

तोवर कपडे वाट पाहून वास मारायला लागले होते. पुन्हा माणिकबाई. पुन्हा तासभर गप्पा. मायाने तिला चहा दिला, सोबत शेव. मला नुसता चहा!

३ एप्रिल, गुरुवार

मी फोनवर नळीचं सहज बोलून गेलो आणि वर्षालीने ऐकलं नाही, दुरुस्तीवाला पाठवलाच. दार उघडलं तर कुलदीप! माझ्याच हाताखालून गेलेला, वीस वर्षांपूर्वीचा. आता डोक्यावर केस नाहीत, पण पाना धरायची पद्धत तीच, मी शिकवलेली. त्याने मशीनची पाठ उघडली. मोटर, पंप, पट्टा, बोर्ड, सगळं पाहिलं. पाऊण तास लागला. स्क्रू आवळत म्हणाला, "सर, मशीनमंदी काईच नाई. नव्यासारखं हाये." मग हात पुसता पुसता विचारलं, "चालवते कोन?"

मी म्हटलं, मी चालवतो.

का म्हटलं कोण जाणे. हा प्रश्न मीच शिकवलाय पोरांना — मशीनमध्ये काही सापडत नसेल तर विचारा, चालवतं कोण. कुलदीप हुशार होता, एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. चहा घेऊन गेला.

८ एप्रिल, मंगळवार

चार दिवस झाले, मशीन मीच लावतो. काहीही तक्रार नाही.

१३ एप्रिल, रविवार

लिहू की नको असं झालंय.

उद्या जयंती. वर्षाली कालच आली. मी गच्चीवरच्या झेंड्यासाठी बांबू आणायला गेलो, ती मैत्रिणीकडे गेली. जाताना मायाला सांगून गेलो होतो, पांढरे कपडे मी आल्यावर लावतो. आलो तर माया दोरीसमोर उभी. दोरीवर तिची जयंतीची पांढरी साडी, माझा सदरा, वर्षालीची ओढणी. सगळं निळं. फिक्कट, डागाडागांचं निळं. पांढऱ्यात तिने नवा झेंडाही धुवायला टाकला होता.

दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी हसलो असतो. पण मायाने! नवं निळं कापड वेगळ्या बादलीत, मिठाच्या पाण्यात भिजवायचं, पहिली तीन धुणी पांढऱ्याच्या आसपासही न्यायचं नाही — आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायकांना हे तिनेच शिकवलं. दर एप्रिलला नव्या सुना तिला विचारायला येतात. चाळीस वर्षांत या घरातलं एक पांढरं कापड निळं झालं नाही.

वर्षाली म्हणाली, जाऊ दे गं आई. माया रडली नाही, चिडली नाही. साडीचा काठ बोटांत धरून नुसती पाहत राहिली.

१४ एप्रिल, सोमवार

माया वर्षालीची साडी नेसून मिरवणुकीला आली. छान दिसत होती. मी तोच निळसर सदरा घालून गेलो. शेजारच्या महादेवरावांनी विचारलं, नवीन शिवला का? हो म्हटलं, खास आजच्यासाठी.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी वर्षालीला स्टँडवर सोडायला गेलो. बस लागायची होती. ती म्हणाली, "बाबा, आईले डॉक्टरले दाखवा. मावशीचं असंच सुरू झालं होतं."

मावशी म्हणजे सत्यवती, मायाची थोरली बहीण, अचलपूरची. पहिले गॅसवरचं दूध विसरायची. मग घराचा रस्ता. मग माणसं. आम्ही शेवटचं भेटायला गेलो तेव्हा तिने मायाला विचारलं होतं, तू कोणाची पोरगी? जिने मायाला कडेवर खेळवलं, ती. परत येताना एसटीत माया अकोट येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "माझं असं झालं तं मले सांगू नका."

मी हो म्हटलं होतं. तेव्हा वाटलं, एवढ्या लांबचं कोणी पाहिलंय. त्याला तीन वर्षं झाली.

वर्षालीची बस गेली तरी मी तिथेच उभा होतो. एका रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, काका, जाचं कुठी?

१७ एप्रिल, गुरुवार

पोरांकडून करून घ्यायचो तसा तक्ता केला. तारीख, लक्षण, कारण, दोष कोणाचा. नळ बंद. कॉक उलटे. एकटी चादर. पावडर. नळी खाली. पांढऱ्यात झेंडा. जाळी मी मशीनच्या नावावर टाकायला निघालो होतो, पण ती तरी कशाने भरली? खाऱ्या पाण्याने. शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच लिहावं लागलं — मशीन निर्दोष.

असा तक्ता एखाद्या पोराने आणला असता तर मी लगेच म्हटलं असतं, मग चालवणाऱ्याकडे पाहा ना बाबा. स्वतःला म्हणवत नाही. भीती वाटते. सरळ लिहितो — मला फार भीती वाटते. मी पडेन, मला काही होईल, याची तयारी मी केली होती. तिचं काही होईल हे कधी मनातच आलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सांगितलं. म्हणजे थाप मारली — आपलं दोघांचंही वय झालं, एकदा तपासून घेऊ, बुधवारी अमरावतीला जाऊ, वर्षालीच्या ओळखीचा डॉक्टर आहे. कशाचा डॉक्टर? सगळ्याचाच, म्हटलं. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तव्यावरची भाकर करपली. मी तशीच खाल्ली.

२० एप्रिल, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी मी कूलरसमोर पडलो होतो. माया लसूण सोलत बसली होती. वर न पाहता म्हणाली, "मीच करून राहिली होती."

काय?

"मशीनचं. नळ मीच बंद केला. नळी मीच काढली. मले माणिक पायजे होती." पाकळ्या एका जागी गोळा केल्या, पुन्हा पसरल्या. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, मशीन हाये ना. घरात मले बोलाले कोन हाये? तुमी पेपर वाचता, नाई तं त्या वहीत लिवता. मशीनसंग बोलू काय मी?"

मी उठून बसलो. आणि हसलो! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ती घाबरली, तिला वाटलं होतं मी चिडेन. मी खाली तिच्यासमोर जाऊन बसलो, गुडघ्यांनी बोंब मारली तरी बसलो, आणि लसूण सोलायला घेतला. काय चलाख बाई आहे! आयटीआयच्या सरांना सात आठवडे नाचवलं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला असा बेत जमतो का? माणिकबाई दोनदा आली, दोन्ही वेळा तासभर बसली, हिचं काम झालं. आणि मी तक्ते करतोय!

लाजही वाटली. एकोणीस वर्षं घरात वावरलेल्या बाईला मी फाटकातून निरोप दिला. मायाला विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी ती जेवली नव्हती, हे आज आठवलं. तेव्हा मी मशीनचं पुस्तक वाचत होतो.

डॉक्टर रद्द.

२१ एप्रिल, सोमवार

झोप लागली. सकाळी सातपर्यंत! कित्येक दिवसांनी.

२२ एप्रिल, मंगळवार

ऊन चढायच्या आत माणिकबाईच्या घरी गेलो. अकोल्यातल्याच खडकीत राहते, लेकाकडे. तिने खुर्ची पुसून दिली, माठातलं पाणी दिलं. मी गाडीवर रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलो आणि म्हटलं, माझं चुकलं. तुम्ही परत या.

ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "काम गेलं त्याचं काही नाई, सर. कामं भेटतात. पन तुमी मले फाटकातून सांगतलं. आत बोलवून, चा पाजून सांगतलं असतं तं मी हासत गेली असती."

खरं होतं. मी मान खाली घातली. तिनेच मग विषय बदलला, मायाबाईच्या कुरोड्या व्हायच्या असतील ना, म्हणाली. शुक्रवारपासून येते.

२५ एप्रिल, शुक्रवार

आली. मी फाटक उघडून आत घेतलं, चहा केला. माझा चहा दोघींनी प्यायला आणि एकमेकींकडे पाहिलं. साखर नव्हती त्यात.

३० एप्रिल, बुधवार

वर्षालीला सगळं सांगितलं. मजेनेच सांगितलं — तुझ्या आईने आपल्या दोघांना कसं बनवलं बघ. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुमाले खरंच असं वाटते?" मी म्हटलं, तिने स्वतः कबूल केलंय, अजून काय पाहिजे? आणि फोन ठेवला. ही आजकालची मुलं, कशातही आजारच शोधतात.

५ मे, सोमवार

चव्वेचाळीस डिग्री. गच्चीवर पहाटेपासून कुरोड्या. माया सोऱ्या फिरवते, माणिकबाई ताट सरकवते, मी कावळे हाकलतो. एवढंच काम मला दिलंय. दोघींचं तोंड क्षणभर बंद नाही. कोणाची सून, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोणाच्या घरी कोण आलं. मायाने मीठ दोनदा टाकलं, माणिकबाई म्हणाली, असू द्या, तळल्यावर कमीच लागते. मीही तेच म्हटलं.

आज पेपर उघडला नाही. सांगितलं मी तिला, बघ, पेपर तसाच आहे. ती म्हणाली, उपकार केले! बरं वाटलं.

आता ठरलंय ते असं. रोजचे कपडे माणिकबाई हाताने धुणार, चादरी-पडदे मशीनमध्ये. म्हणजे मशीनही राहिलं आणि माणिकबाईही राहिली. कोणाचाच अपमान नाही.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात जायला माया तयार होऊन आली तेव्हा तिच्या अंगावर तीच साडी. जयंतीची, पांढरी होती ती. दोनदा ब्लीच करूनही निळेपण पूर्ण गेलं नाही. दिव्यांत ते फारसं दिसत नव्हतं. मी मात्र वंदनाभर तेच पाहत बसलो.

तिने त्या दिवशी कबूल केलं ते नळाचं आणि नळीचं. तेवढंच. कॉकचं नाही, पावडरचं नाही, या साडीचंही नाही. आणि मी विचारलं नाही. पोरांना मी बजावायचो, दुरुस्ती झाली असं वाटलं की पुन्हा एकदा चालवून पाहा, त्याशिवाय सही करू नका. मी लगेच सही करून मोकळा झालो.

माणिकबाई यावी म्हणून कोणी नळ बंद करेल. नळी काढेल. पण स्वतःची चौदा एप्रिलची पांढरी साडी कोणी मुद्दाम निळी करतं का? मायासारखी बाई करते का?

का मी डॉक्टर म्हटलं, म्हणून तिने जे हाताशी सापडलं ते कारण पुढे केलं?

येताना विचारणार होतो. ती विहारातल्या खिरीबद्दल बोलत होती, दूध फार छान आटवलं होतं म्हणाली. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, हो, छान होती.

१३ मे, मंगळवार

काही नाही. ऊन. उगीचच घाबरतो मी.

१५ मे, गुरुवार

पुन्हा फेस. पायरीपर्यंत. माणिकबाई म्हणाली, मी दोन खेपा म्हनलं, टाकली ना पावडर, तरी टाकतच होत्या.

माया फेसात उभी होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मशीन जळलं वाटते. माणिकले बोलवा ना."

माणिकबाई तिच्या बाजूलाच उभी होती, तिचा हात धरून.

मी म्हटलं, बोलावतो.